४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७: फरक फक्त दोनचा

२ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्यातून १ वजा केला की २९५ वर संपणारी संख्या मिळते, १ मिळवला की २९७ वर संपणारी. या दोघींत हमखास गल्लत होते, आणि स्वभाव मात्र पार वेगळे.

संगणकात भेटते ती २९५ वाली. ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायचं घर) सगळ्या जागी १ भरले की ती तयार होते. ऋण संख्या धरायच्या नसतील, तर ३२ बिटांत हिच्याहून मोठी संख्या मावत नाही. २९७ वालीला ३३ वा बिट लागतोच.

२९५ वालीचे अवयव पाडायला फारसं काही लागत नाही. वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र लावा: (२ चा १६ वा घात + १) × (२ चा १६ वा घात − १). दुसरा कंस पुन्हा तसाच फुटतो, त्यातला दुसरा पुन्हा. शेवटी हाती येतं ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७.

२९७ वालीत वजाऐवजी अधिक आहे, त्यामुळे हे सूत्र तिथे चालत नाही. वरचे पाचही अवयव २ च्या घातात १ मिळवून आलेले आहेत, घातांक अनुक्रमे १, २, ४, ८, १६; आणि पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून १६४० मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्माने होरा बांधला की घातांक असाच दुप्पट करत गेलं तर पुढच्याही सगळ्या मूळच निघतील. सहावी म्हणजे आपली २९७ वाली. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं, ती ६४१ × ६७,००,४१७ आहे. तब्बल ९२ वर्षं! हळहळ वाटते ती याची, की हिचा मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येऊ शकतो. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१.

भागाकार न करताही हे पटतं. ६४० म्हणजे ५ × १२८. ६४१ च्या हिशेबात, म्हणजे ६४१ च्या पटी सोडून दिल्या की, ती −१. तिचा चौथा घात, ६२५ × २ चा २८ वा घात, म्हणून +१. पण ६२५ म्हणजे ६४१ − १६, तेव्हा ६२५ च्या जागी −१६ घाला. १६ हा २ चा चौथा घात, म्हणून ६४१ च्या हिशेबात −(२ चा ३२ वा घात) म्हणजे १. म्हणजेच २ चा ३२ वा घात + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो. इतकी देखणी सिद्धता क्वचितच सापडते.

दोघींना १ सोडून सामाईक विभाजक नाही. असता तर त्याने फरकालाही, म्हणजे २ लाही, भाग गेला असता. आणि दोघीही विषम आहेत.

भूमितीतही त्यांच्या वाटा वेगळ्या. गणितज्ञ गाउसने १७९६ मध्ये कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने १७ बाजूंची सुसम आकृती काढता येते हे दाखवलं. नियम असा, की बाजूंची विषम संख्या फर्माच्या यादीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार हवी. त्याच नियमाने २९५ वालीइतक्या बाजूंचीही तत्त्वतः काढता येते, आणि बाजू विषम असलेल्यांपैकी आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी तीच. २९७ वालीइतक्या बाजूंची काढता येत नाही: ६४१ आणि ६७,००,४१७ मूळ आहेत खऱ्या, पण फर्माच्या यादीतल्या नाहीत.