वेगाच्या वंशावळीत उडीचा शोध

चिकोडी तालुक्यातील अंकलीहून दरवर्षी आषाढी वारीच्या आधी शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीला निघतात आणि पुढे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठतात. टाळ-मृदंगाच्या गजरात, लाखो वारकऱ्यांच्या गर्दीत न बिचकता उभे राहायचे आणि रिंगणात मात्र सुसाट धावायचे, अशी दुहेरी कसोटी या जनावरांची असते. माउलींचा मानला जाणारा अश्व तर पाठीवर स्वार नसतानाही रिंगण पूर्ण करतो. याच सीमाभागात जत्रेतील घोडागाडीच्या शर्यतीसाठी घोडा घेणारा माणूस वेग आणि दम पाहतो. काम बदलले की पारखही बदलते, हे बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या घोडेवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या थरोब्रेड या जातीबाबत मात्र गेली अडीचशे-तीनशे वर्षे पारख एकच राहिली आहे. ती म्हणजे शर्यतीत पहिला कोण येतो.

शो जम्पिंग (मैदानातील अडथळ्यांवरून उड्या), ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यावर नेमक्या, लयबद्ध चाली) आणि इव्हेंटिंग (ड्रेसाज, मोकळ्या रानातील अडथळ्यांची क्रॉस कंट्री दौड आणि उड्या यांची एकत्र स्पर्धा) या क्रीडाप्रकारांसाठी थरोब्रेड शोधणे अवघड जाते त्याचे मूळ या एकाच पारखीत आहे. आजच्या सर्व थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन नर घोड्यांपर्यंत जाते. इंग्लंडमध्ये १७९१ साली ‘जनरल स्टड बुक’चा प्रास्ताविक खंड निघाला आणि पुढे ही नोंदवही बाहेरच्या रक्ताला बंद झाली. बंद नोंदवहीत पिढ्यानपिढ्या ज्या गुणाला बक्षीस मिळते तो गुण गडद होत जातो, आणि ज्यांची मोजणीच होत नाही ते गुण नाहीसे होत नसले तरी विखुरतात. उडी मारण्याची हातोटी, कँटरमधील म्हणजे मंद दौडीतील तोल, स्वाराचे ऐकण्याची वृत्ती हे गुण थरोब्रेडमध्ये आहेतच, फक्त ते कोणत्या कुळात दाट आहेत याची पद्धतशीर नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

वेगाच्या बाबतीत आनुवंशिकतेने बरेच स्पष्ट उत्तर दिले आहे. २०१० साली डब्लिन येथील संशोधकांनी दाखवून दिले की, स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाच्या जनुकातील एका फरकावरून थरोब्रेड कोणत्या अंतरावर चांगला धावेल याचा अंदाज बांधता येतो. या जनुकाच्या ‘सी’ रूपाच्या दोन्ही प्रती असलेला घोडा कमी अंतरावर भन्नाट धावतो, ‘टी’ रूपाच्या दोन्ही प्रती असलेला लांब पल्ल्याला टिकतो आणि दोन्ही रूपे असलेला मधल्या अंतराला शोभतो. उडीसाठी असे एकच जनुक नाही. ती अनेक जनुकांच्या लहान-लहान परिणामांतून, शरीराच्या ठेवणीतून आणि शिकवणीतून घडते. त्यामुळे उडीचा घोडा रक्ततपासणीने निवडता येत नाही; त्याचे नातलग काय करून गेले हे शोधावे लागते आणि तो स्वतः काय करतो हे डोळ्यांनी पाहावे लागते.

नातलगांचा माग युरोपातील वॉर्मब्लड, म्हणजे जड आणि हलक्या जातींच्या संकरातून खेळासाठी घडवलेल्या घोड्यांच्या नोंदवह्यांत उत्तम लागतो. जर्मनीतील होल्स्टाइन भागात दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीकामाचे जड घोडे हलके करण्यासाठी निवडक थरोब्रेड नर आणले गेले. त्यांपैकी १९६१ साली जन्मलेल्या लेडीकिलर या घोड्याचा लँडग्राफ हा पुत्र शो जम्पिंगच्या घोड्यांचा नामांकित जनक ठरला. फ्रान्समध्ये फ्युरिओसो या थरोब्रेडने असेच काम केले. जर्मन वंशावळीत थरोब्रेडच्या नावापुढे ‘एक्सएक्स’ अशी खूण असते, त्यामुळे आजच्या एखाद्या विख्यात उडीबाज घोड्याची वंशावळ चार-पाच पिढ्या मागे वाचत गेले की शर्यतीच्या जगाने फारशी दखल न घेतलेले थरोब्रेड पूर्वज ठळकपणे दिसतात. माझ्या मते क्रीडाप्रकारासाठी थरोब्रेड शोधणाऱ्याने पहिला अभ्यास शर्यतीच्या निकालांचा न करता या नावांचा करावा, आणि आपल्यासमोरच्या घोड्याच्या आईकडील कुळात त्यांचे जवळचे नातलग आहेत का हे पाहावे.

हा माग हरवतो कसा, हे टच ऑफ क्लास या घोडीच्या गोष्टीतून समजते. अमेरिकेत जन्मलेली ही थरोब्रेड घोडी आधी ‘स्टिलअस्पिल’ या नावाने सहा शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. पुढे नाव बदलले, काम बदलले आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्वार जो फार्गिस यांच्यासह तिने शो जम्पिंगची वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. त्या स्पर्धेत समोर आलेल्या ९१ अडथळ्यांपैकी ९० तिने निर्दोष पार केले. शर्यतीच्या वहीत ती अपयशी घोडी आहे. तिच्या आई-वडिलांच्या नावापुढे ऑलिम्पिकचे यश आपोआप लागत नाही, कारण दोन्ही नोंदी वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या संस्थांकडे राहतात.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच आपली लायकी दाखवतो, म्हणून त्याला नर म्हणून राखता येते. उडीचा घोडा मात्र आठ-दहा वर्षांचा झाल्यावर शिखरावर पोहोचतो आणि तोवर तो बहुधा खच्ची केलेला असतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये दोन रौप्यपदके मिळवणारा जेम ट्विस्ट हा पांढरा थरोब्रेड असाच खच्ची घोडा होता. त्याचे रक्त पुढे न्यायचा दुसरा मार्ग उरला नाही म्हणून २००८ साली त्याच्या पेशींपासून जेमिनी हे क्लोन शिंगरू जन्माला घालण्यात आले. थरोब्रेडच्या नोंदवह्या क्लोन स्वीकारत नाहीत, कृत्रिम रेतनही मान्य करत नाहीत. घोडी प्रत्यक्ष नराकडेच न्यावी लागते. वॉर्मब्लड पाळणारा शेतकरी गोठवलेले वीर्य मागवून दूर देशातील सिद्ध नराची संतती मिळवतो. ती सोय थरोब्रेडच्या बाबतीत नाही, म्हणून क्रीडाप्रकारासाठी मुद्दाम पैदा केलेले थरोब्रेड जगातच विरळ आहेत आणि बहुतेकांना शर्यतीसाठी जन्मलेल्या घोड्यांतूनच निवड करावी लागते.

ही निवड वाटते तितकी जुगारी नाही. शर्यतीत घोडा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावतो, तर इव्हेंटिंगच्या क्रॉस कंट्रीत ऑलिम्पिक पातळीवरही मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर एवढाच वेग लागतो. शर्यतीत मागे पडलेल्या घोड्यापाशीही एवढा वेग मुबलक असतो. थरोब्रेडची खरी दौलत त्याचे मोठे हृदय आणि प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी ही आहे. जोर लावताच प्लीहा आकसते आणि रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत चढते. म्हणून लांब क्रॉस कंट्रीनंतर तो लवकर सावरतो. इव्हेंटिंगमधील मोठ्या पल्ल्याचे टप्पे २००४ च्या ऑलिम्पिकपासून वगळले गेले, तेव्हा या गुणाची किंमत घटली आणि वॉर्मब्लडचे पारडे जड झाले, हे मान्य केले पाहिजे.

घोडा समोर उभा असताना काय पाहायचे? मानेच्या बुडाचा उंचवटा पुठ्ठ्यापेक्षा खाली असेल, तर शरीराचा भार पुढच्या पायांवर पडतो. वेगाला ते चालते, उडीला आणि ड्रेसाजला नडते. मान छातीतून खालून निघालेली नसावी. दुडकी चाल जमिनीलगत, सपाट असली तर एवढ्यावरून घोडा नाकारू नये, कारण चाल शिकवणीने सुधारते. कँटरचा तोल मात्र फारसा बदलत नाही, म्हणून तो बारकाईने पाहावा. मग स्वाराशिवाय, दोन्ही बाजूंनी आड घातलेल्या वाटेतून घोड्याला छोट्या अडथळ्यावर सोडावे. चांगला घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अंतर स्वतः मोजू लागतो. उडी घेण्याआधीची पावले तो आखूड करतो, मागचे पाय पोटाखाली आणतो, पुढचे गुडघे वर उचलून घडी करतो, पाठ कमानीसारखी गोल होते आणि कान पुढे असतात. दांडी पाडल्यावर पुढच्या खेपेला जो पाय अधिक उचलतो, त्याच्यात काळजी घेण्याची वृत्ती आहे. ही वृत्ती शिकवून येणे कठीण असते आणि तिच्यासाठी मी इतर दोन-तीन उणिवा खुशाल सोडून देईन.

शर्यतीचे प्रशिक्षण घोडा दीड-दोन वर्षांचा असताना सुरू होते, तर पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. म्हणून गुडघे, खुराच्या वरचे सांधे आणि पाठ यांचे एक्स-रे काढून घेणे हा अनाठायी खर्च नव्हे. या घोड्यांच्या खुरांच्या भिंती बऱ्याचदा पातळ असतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी चिखलात त्या मऊ पडतात. जाणत्या नालबंदाचे मत आधी घ्यावे. जठरातील व्रणही शर्यतीच्या घोड्यांत सर्रास आढळतात. चिडका, खाण्यात मन नसलेला घोडा वाईट स्वभावाचा आहे असे ठरवण्याआधी त्याचे पोट तपासून घ्यावे.

बेळगावकडच्या माणसाला हा शोध घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. भारतीय थरोब्रेडची नोंदवही पुण्यात ठेवली जाते, पुण्याच्या आसपास घोड्यांच्या पैदाशीचे मोठे स्टड फार्म आहेत आणि कर्नाटकात कुणिगलच्या फार्मची परंपरा टिपू सुलतानाच्या काळापर्यंत मागे जाते. पुणे, मुंबई, बंगळूर आणि म्हैसूरच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले घोडे रायडिंग स्कूलमध्ये येतात. या खेळात आपल्याला यश नवे नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे सुवर्ण जिंकले होते. बंगळूरच्या फवाद मिर्झा यांनी टोकियो ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगमध्ये अंतिम फेरी गाठली, मात्र त्यांचा घोडा युरोपातला होता. आपल्याकडील थरोब्रेडच्या कोणत्या कुळात उडी आहे हे कळण्यासाठी स्पर्धेच्या प्रवेशपत्रावर घोड्याचे लाडके नाव लिहून भागणार नाही; त्याच्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक आणि नोंदवहीतील मूळ नाव लिहिले गेले पाहिजे. घोडा विकत घेताना पासपोर्ट मागून घ्यावा, चिपचा क्रमांक वाचकयंत्राने पडताळावा आणि आईचे नाव टिपून तिच्या इतर शिंगरांचे पुढे काय झाले याची चौकशी स्टड फार्मकडे करावी. एखाद्या घोडीची दोन शिंगरे वेगवेगळ्या स्वारांकडे चांगली उडी घेत असतील, तर तिचे तिसरे शिंगरू शर्यतीत कितवे आले हे विचारण्याआधीच ते पाहायला निघावे.