त्या एका मैफिलीनंतर मूळ गाणं फिकं का वाटतं?

चीप ट्रिक या अमेरिकन बँडचं 'आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी' हे गाणं १९७७ मध्ये स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं, तेव्हा अमेरिकेत त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, तोक्योच्या बुडोकान सभागृहात बँडने तेच गाणं लय वाढवून, गिटारचा जोर वाढवून वाजवलं. त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली आणि १९७९ मध्ये हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. ध्रुवपदात गायक 'क्रायिंग' म्हणतो आणि सभागृहातले श्रोते तोच शब्द ओरडून परत देतात.  ज्यांच्या कानावर आधी बुडोकानचं ध्वनिमुद्रण पडलं, त्यांना स्टुडिओतलं गाणं ऐकताना श्रोत्यांच्या त्या ओरडण्यावाचून नेमकी ती जागा रिकामी वाटते.

स्टुडिओतल्या गाण्यातून कुणी काही काढून घेतलेलं नसतं. ऐकणाऱ्याच्या मेंदूतलं माप बदललेलं असतं. गाण्याचा एखादा असामान्य प्रयोग (सादरीकरण) कानात बसला की त्यातल्या योगायोगाच्या गोष्टीही, म्हणजे लय, श्वासाच्या जागा, श्रोत्यांचा गलका, गाण्याच्या व्याख्येत शिरतात. मग पुढची प्रत्येक आवृत्ती जिथे वेगळी असेल तिथे ती चुकली असं वाटतं. कान तयार झाल्यामुळे असं होतं, अशी एक समजूत आहे. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे.

गाणं लक्षात राहतं म्हणजे चाल आणि शब्द लक्षात राहतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदू त्याहून कितीतरी जास्त साठवतो. संगीताच्या स्मृतीचा अभ्यास करणारे डॅनियल लेव्हिटिन यांनी लोकांना आवडीचं लोकप्रिय गाणं, रेकॉर्ड न ऐकवता, नुसत्या आठवणीतून गायला लावलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन प्रयत्नांपैकी निदान एकात ४० टक्के लोकांनी मूळ रेकॉर्डचा नेमका स्वर पकडला होता. पेरी कुक यांच्यासोबत १९९६ मध्ये त्यांनी लय तपासली. ७२ टक्के वेळा गाण्याची लय मूळ रेकॉर्डच्या ८ टक्क्यांच्या आत होती. मूळ लय मिनिटाला १२० ठोके असेल, तर लोक साधारण ११० ते १३० च्या दरम्यान गात होते, तेही मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राशिवाय. १९९९ मध्ये ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी गाजलेल्या गाण्यांचे फक्त एक दशांश सेकंदाचे तुकडे ऐकवले. एवढ्या वेळात चाल ऐकूच येत नाही, येतो तो केवळ आवाजाचा पोत. तरीही श्रोत्यांनी नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्यापेक्षा जास्त वेळा गाणं बरोबर ओळखलं.

म्हणजे डोक्यात बसतो तो एका विशिष्ट सादरीकरणाचा बराचसा तंतोतंत ठसा. जमशेद भरुचा यांनी संगीत ऐकतानाच्या दोन अपेक्षा वेगळ्या करून दाखवल्या. एक व्याकरणाची: या सुरावटीनंतर साधारणपणे कोणता स्वर येतो. दुसरी पाठांतराची: या गाण्यात इथे नेमकं काय येतं. नवीन गाणं ऐकताना पहिलीच काम करते. शंभरदा ऐकलेल्या गाण्यात दुसरीही जागी असते, आणि आपल्याला खटकतं ते तिच्यामुळे.

हे खटकणं जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, कानात बसलेल्या सादरीकरणात गायिकेने ध्रुवपदाच्या आधीचा स्वर पाच सेकंद लांबवला आणि मग तालवाद्यं एकदम कोसळली. वॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की शहारा येण्याच्या क्षणाआधीच, त्या क्षणाची वाट पाहताना, मेंदूच्या कॉडेट या भागात डोपामिन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन स्रवतं. प्रत्यक्ष शहाऱ्याच्या वेळी ते न्यूक्लियस अॅक्यूम्बेन्स या मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवतं. आता दुसऱ्या आवृत्तीत तोच स्वर दोन सेकंदांत संपला, तर वाट पाहणं सुरू झालेलं असतं आणि बक्षीस ठरल्या जागी येत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, अपेक्षित रसाचा थेंब मिळाला नाही की डोपामिनच्या पेशींची हालचाल नेमकी त्या क्षणी नेहमीच्या पातळीच्याही खाली जात असे. गाण्यात नेमकं हेच होतं असं थेट म्हणता येत नाही, पण २०१९ मधल्या एका अभ्यासात संगीतातल्या अपेक्षाभंगाचे पडसाद न्यूक्लियस अॅक्यूम्बेन्समध्ये दिसले आहेत. 'काहीतरी कमी पडलं' असं जे वाटतं, त्यामागे ही घसरण असावी असं मानायला चांगला आधार आहे.

व्हिटनी ह्यूस्टनचं २७ जानेवारी १९९१ चं अमेरिकी राष्ट्रगीत हे याचं सर्वांत शिकवणारं उदाहरण. आखाती युद्ध सुरू होऊन दहा दिवस झाले होते आणि टॅम्पामधल्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी ती गायली. हे गीत एरवी तीन मात्रांच्या ठेक्यात असतं. त्या दिवशीची मांडणी चार मात्रांची होती. लय तीच ठेवून प्रत्येक आवर्तनात एक मात्रा वाढली की ओळ एक तृतीयांशाने लांबते. गायिकेला श्वासाला जागा मिळते, वरचा स्वर धरून ठेवायला वेळ मिळतो, आणि ओळीच्या शेवटी सजावटीला वाव राहतो. ही मांडणी कानात बसलेल्या माणसाला तीन मात्रांतलं नेहमीचं गीत घाईचं वाटू लागतं, जणू गाणारा वाक्यं अर्धवट तोडतोय. आणखी एक गोष्ट: त्या दिवशी मैदानात आणि दूरचित्रवाणीवर लोकांनी ऐकला तो आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज होता. प्रत्यक्ष गायनाचा मापदंड म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं ते स्टुडिओतलं काम होतं, आणि वाऱ्यात, गोंगाटात, मैदानाच्या प्रतिध्वनीत उभं राहून खरोखर गाणाऱ्या नंतरच्या प्रत्येकाची तुलना त्याच्याशी झाली. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

इथे दोन वेगळे प्रकार मिसळू नयेत. ध्वनिमुद्रण शेकडो वेळा ऐकून ठसा बसणं हा एक. त्यात तपशील अचूक असतात. प्रयोगाला स्वतः हजर राहून एकदाच ऐकणं हा दुसरा, आणि त्यात भलतंच घडतं. भावना उचंबळल्या की नॉरअॅड्रेनलिन या रसायनाच्या मदतीने अमिग्डाला हा मेंदूचा भावनांशी जोडलेला भाग आठवण पक्की करायला लावतो. लॅरी कॅहिल आणि जेम्स मगॉ यांच्या १९९४ च्या प्रयोगात हा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध घेतलेल्या लोकांना गोष्टीतला भावनिक भाग इतरांपेक्षा कमी आठवला. पण पक्की आठवण म्हणजे पूर्ण आठवण नव्हे. राहतो तो उत्कट क्षण आणि शेवट. मधल्या फटी मेंदू आधीपासून माहीत असलेल्या ध्वनिमुद्रणातून भरतो. निसटलेला स्वर आणि दुसऱ्या कडव्यात ढिली पडलेली लय पुसली जाते. त्यामुळे आठवणीतला प्रयोग प्रत्यक्ष झालेल्या प्रयोगापेक्षा चांगला असतो, आणि जो झालाच नाही त्याच्याशी कुणाला बरोबरी करता येणार?

शिवाय त्या रात्री जे अंगावर आलं त्यातलं बरंचसं गळ्यातून आलेलं नव्हतं. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात पातळी ९५ ते १०० डेसिबल असते, घरी आपण ७० ते ७५ वर ऐकतो. दर २० डेसिबलला ध्वनिदाब दहापटीने कमी होतो. त्यातही कान सगळे स्वर सारखे कमी करत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की आवाज कमी केला की खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा लवकर मावळतात. म्हणून तेच ध्वनिमुद्रण घरी हळू लावलं की बेस गिटार आणि ड्रमचा धक्का आधी जातो आणि गाणं पोकळ वाटतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक सुंदर प्रयोग आहे. प्रत्यक्ष नृत्यसंगीताच्या कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्झचे, कानाला जवळजवळ न जाणवणारे खर्ज दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले गेले. ते चालू असताना श्रोते ११.८ टक्के जास्त हलले, आणि फरक कशाने पडला हे त्यांना सांगता आलं नाही. एवढे खालचे स्वर घरच्या लहान स्पीकरमधून निघतच नाहीत. फोनवर काढलेल्या व्हिडिओचं तर विचारूच नका: फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो, त्यामुळे हळू गाण्यातून एकदम मोठ्यात जाण्याची उडी, म्हणजे शहाऱ्याचं मूळच, सपाट होतं.

आजूबाजूच्या श्रोत्यांचाही त्यात वाटा असतोच. बर्लिनमधल्या मैफिलींत १३२ श्रोत्यांच्या शरीरावर संवेदक लावून केलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाची गती, त्वचेची विद्युतवाहकता आणि हालचाली एकमेकांशी जुळलेल्या आढळल्या.

आणि एक साधं गणित. कुणी एखादं गाणं शंभर वेळा सादर केलं आणि त्याची तयारी दरवेळी सारखीच आहे असं मानलं, तर पुढचा प्रयोग त्या शंभरातल्या सर्वोत्तमाला मागे टाकण्याची शक्यता १०१ मध्ये १ असते. गाजतो, पसरतो, पुन्हा पुन्हा ऐकला जातो तो सर्वोत्तमच. पुढचे प्रयोग सरासरीकडे सरकतात यात कलाकाराचा आळस किंवा उतार शोधू नये.

आता उपाय. चांगल्या संगीतानंतर लगेच ऐकलेलं संगीत आहे त्यापेक्षा वाईट वाटतं, हे स्कॉट पार्कर, डेब्रा झेलनर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये संगीत ऐकवूनच दाखवलं. म्हणून तो गाजलेला प्रयोग ऐकून लगेच दुसरी आवृत्ती लावू नये. निदान एक दिवस जाऊ द्यावा, आणि आधी त्या गाण्याशी संबंध नसलेलं काहीतरी ऐकावं. दोन आवृत्त्यांची पातळी सारखी करणं फार महत्त्वाचं आहे. एक-दोन डेसिबलचा फरक 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'जास्त जिवंत' म्हणून कळतो. फोनमधल्या ध्वनिमापक अॅपने दोन्ही ठिकाणी ध्रुवपदाची सरासरी पातळी मोजावी आणि फरक अर्ध्या डेसिबलपर्यंत आणावा. जुनी रेकॉर्ड पोकळ वाटत असेल तर आवाज १०० डेसिबलवर नेऊ नये, त्या पातळीला कानासाठी सुरक्षित वेळ दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटं धरली जाते. त्याऐवजी १०० हर्ट्झच्या खालचा भाग ४ ते ६ डेसिबलने उचलावा. स्पीकर घरघरला तर २ ने खाली यावं.

सर्वांत परिणामकारक उपाय मात्र मनातल्या वर्गवारीचा. झेलनर यांच्याच गटाने २००२ मध्ये दाखवलं की उंची कॉफी आणि साधी कॉफी या दोन वेगळ्या जाती मानणाऱ्यांना उंची कॉफी पिऊनही साधी कॉफी बेचव वाटत नाही. दोन्हींना नुसतं कॉफी मानणाऱ्यांना वाटते. रागसंगीताच्या मुरलेल्या श्रोत्याला हा त्रास कमी होतो, याचं कारण मला इथेच दिसतं: बंदिश तीच असली तरी आजचा विस्तार कालच्याची नक्कल असेल अशी त्याची अपेक्षाच नसते. गाण्याच्या बाबतीत हे मुद्दाम करावं लागतं. पहिल्या ऐकण्यात गायकाचा आवाज सोडून फक्त बेसची ओळ पकडावी, दुसऱ्यांदा फक्त तालवाद्यं, आणि तिसऱ्यांदा सगळं मिळून ऐकावं. पाठांतराची अपेक्षा मुख्यतः गळ्याच्या जागांना चिकटलेली असते, लक्ष तिथून हटलं की ती सैल पडते.

कलाकारांची अडचण अधिक बिकट आहे, कारण लोक तोच प्रयोग मागायला येतात. इथे नेहमीची चूक म्हणजे थोडासा बदल. लय १२० वरून ११५ वर आणली की श्रोत्याला ती ढिलाई वाटते. पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर गळा थकला असं वाटतं. फरक स्मृतीच्या त्या ८ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर स्पष्टपणे जायला हवा: लय १२० वरून ८५-९० पर्यंत, गिटारऐवजी पियानो, सुरुवात ध्रुवपदाऐवजी दुसऱ्या कडव्याने. मग मेंदू हे वेगळं गाणं आहे असं समजून ऐकायला लागतो. गाजलेल्या प्रयोगातला लांबवलेला स्वर हुबेहूब लांबवण्याचा हट्ट धरू नये. तो अर्धवट जमला तर सगळी तुलना त्याच जागी येऊन थांबते, म्हणून ती जागा वाद्याला द्यावी किंवा चालच तिथून वळवावी. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलेला परिणाम इथे उपयोगी पडतो: नुसतं पुन्हा पुन्हा समोर आल्यानेही एखादी गोष्ट आवडू लागते. नवी मांडणी मंचावर पहिल्यांदा आणण्याआधी काही आठवडे तिचं साधं ध्वनिमुद्रण श्रोत्यांपर्यंत पोचवलं, तर सभागृहात ती ऐकताना त्यांच्याकडे जुन्याच्या शेजारी ठेवायला दुसरा ठसाही तयार असतो.