जुन्या फोर बाय फोरचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस : निवडीमागची पार्श्वभूमी

जुनी फोर बाय फोर गाडी पुन्हा उभी करायला घेतली की इंजिनाचं त्यामानाने लवकर ठरतं. घोडं अडतं त्याच्या मागे. गिअरबॉक्स कोणता आणि ट्रान्सफर केस कोणती, हे लोक दोन वेगळे प्रश्न समजून सोडवायला जातात. सगळं सामान गॅरेजमध्ये येऊन पडतं आणि मग कळतं, की शाफ्ट (ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा) डावीकडे निघतोय आणि पुढचा डिफरन्शियल (ॲक्सलवरचा, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) उजवीकडे आहे. खरं तर हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपर्यंत जातं.

विलिस एमबी या लष्करी जीपमध्ये टी-८४ हा तीन गिअरचा गिअरबॉक्स होता आणि त्याच्या पाठीला स्पायसर मॉडेल १८ ही ट्रान्सफर केस. तिची कामं दोन : गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटून देणं आणि गरज पडली की ‘लो’मध्ये ती वाढवणं. मॉडेल १८ चं वैशिष्ट्य असं, की तिच्यातून पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट गाडीच्या उजव्या अंगाने निघतात. त्यामुळे दोन्ही डिफरन्शियलही मधोमध नसून उजवीकडे सरकलेले. जुन्या जीपखाली एकदा पाठीवर झोपून वर पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत येतात आणि तिथून ताकद एक पायरी उतरून बाजूला जाते. मधली रेषा मागून मोकळीच राहते. या मोकळ्या जागेनेच युद्धानंतर जीपला शेतात नेलं, कारण तिथे पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर अवजारं फिरवायची जोडणी, बसवता येत होती. पुढे त्याच जागी ओव्हरड्राइव्हही (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) बसू लागला.

फ्लोअरवर गिअरच्या लांब दांड्याशेजारी दोन आखूड दांडे असत. एक पुढचा ॲक्सल जोडायचा, दुसरा हाय-लोचा. पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडत नसे. वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येऊ नये, म्हणून केलेली ती सोय. आज काही जण हा अडसर काढून टाकतात. त्यांनी तो का ठेवला होता, याचा आधी विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब. एमबीचा पहिला गिअर २.६६, लो १.९७, ॲक्सल ४.८८. तिन्हींचा गुणाकार सुमारे २५.६. म्हणजे इंजिनाचे साधारण २५ फेरे, तेव्हा चाकाचा एक. युद्ध संपताच आलेल्या सीजे-२ए या नागरी जीपला टी-९० गिअरबॉक्स मिळाला (पहिला २.८), लो २.४३ झाला आणि ॲक्सल ५.३८. गुणाकार ३६ च्या पुढे गेला. नांगर ओढणाऱ्या गाडीला हेच हवं होतं. एकेक आकडा पाहिला तर फरक किरकोळ वाटतो. खरा फरक गुणाकारात दिसतो.

हीच परंपरा मुंबईत आली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी इथे सुरू केली आणि पुढे सीजे-३बीच्या घडणीच्या जीप कित्येक दशकं बनत राहिल्या. वन खात्यापासून वडापपर्यंत त्या सगळीकडे धावल्या. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आलं तेव्हा मात्र एक पेच उभा राहिला. डिझेल कमी फेऱ्यांवर जोर देतं, पण त्याला फार फिरवता येत नाही. त्याच्यामागे ५.३८ चा ॲक्सल ठेवला तर घाट सहज चढतो आणि सपाट हायवेवर इंजिन लवकरच ओरडू लागतं. अशा गाडीला पहिला गिअर आणखी जड कशाला हवा? तिला हवा असतो हलका शेवटचा गिअर.

जीपच्या मोठ्या गाड्यांसाठी १९६० च्या दशकात डाना २० ही ट्रान्सफर केस आली. हायमध्ये ताकद सरळ मागे जात असल्याने आवाज कमी. पण तिचा मागचा शाफ्ट मध्यावरून निघतो, म्हणून सरकलेल्या डिफरन्शियलच्या जुन्या जीपला ती लावायची तर मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. खर्चाचा अंदाज चुकतो तो इथेच.

अमेरिकन पिकअपची गोष्ट थोडी वेगळी. शेव्हरोलेच्या ट्रकमध्ये एसएम-४६५ हा चार गिअरचा गिअरबॉक्स असे. त्याचा पहिला गिअर ६.५५, एवढा जड की रिकामी गाडी लोक दुसऱ्यावरच उचलत. त्याच्यामागे न्यू प्रोसेस कंपनीची एनपी-२०५ ही ट्रान्सफर केस : ओतीव लोखंडाची, चेन नाही, सगळे गिअर, लो १.९६. मजबुतीत तिचा हात धरणारी केस शोधूनही सापडत नाही. १९७३ पासून काही गाड्यांत एनपी-२०३ आली. चेनवर चालणारी आणि चारही चाकं कायम जोडलेली. त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि जास्त तेल पिणारी ही व्यवस्था नकोशी झाली. १९८० च्या सुमारास ॲल्युमिनियमची हलकी एनपी-२०८ आली. चेन हिच्यातही, पण लो २.६१.

बाजूचा प्रश्न इथेही आहेच. त्या काळच्या शेव्हरोलेचा पुढचा डिफरन्शियल उजवीकडे, तर १९७८-७९ च्या फोर्ड ब्रॉन्कोचा डावीकडे. दोन्हींत २०५ सापडते, पण एकीची काढून दुसरीत थेट बसत नाही.

नाकारल्या गेलेल्या २०३ ला मात्र दुसरा जन्म मिळाला. तिचा पुढचा, लोचा भाग वेगळा काढून तो २०५ च्या पुढे जोडायची युक्ती रुळली. दोन्ही लो एकदम टाकले की जवळपास चौपट. ३.७३ चा ॲक्सल धरला तर एसएम-४६५ सकट गुणाकार ९६ च्या आसपास. फक्त ही सगळी जोडणी लांब होते आणि मागचा शाफ्ट तेवढाच आखूड. लांब व्हीलबेसच्या पिकअपला ते झेपतं. ८० इंच व्हीलबेसच्या जीपला नाही. तिथे शाफ्टचा कोन इतका उभा होतो की क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) टिकत नाहीत.