जीत कुन दो

जीत कुन दो ही ब्रूस ली (२७ नोव्हेंबर १९४० – २० जुलै १९७३) यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत घडवलेली लढण्याची पद्धती होय. नाव कँटोनीज भाषेतले असून ‘जीत’ म्हणजे वाटेत अडवणे, ‘कुन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. प्रतिस्पर्ध्याचा वार पुरा होण्याआधीच त्याला गाठणारी मूठ, असा या नावाचा आशय आहे. निरनिराळ्या युद्धकलांमधून निवडक गोष्टी उचलून स्वतःच्या अंगाला मानवेल अशी लढण्याची रीत तयार करण्याचे हे विसाव्या शतकातले सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. मात्र तिला केवळ मिश्रण म्हणणे अपुरे ठरते, कारण ली यांचा भर गोळा करण्यापेक्षा टाकून देण्यावर अधिक होता.

युद्धकलांचा मेळ घालण्याचा प्रयत्न त्यांच्याही आधी झालेला होता. एडवर्ड बार्टन-राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जपानी जुजुत्सू, मुष्टियुद्ध, सावात ही लाथा-ठोशांची फ्रेंच कला आणि काठीचे हात एकत्र करून ‘बार्टित्सू’ नावाची पद्धती शिकवली; हवाईमध्ये १९४०च्या दशकात ‘काजुकेन्बो’ याच मार्गाने उभी राहिली. या दोन्हींत अनेक कलांची भर घालून एक नवी, ठरीव पद्धती बांधण्याचा हेतू होता. ली यांना नेमकी ठरीवपणाचीच अडचण वाटू लागली, आणि त्यामागे प्रत्यक्ष अनुभव होता.

ली यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोत झाला. वडील कँटोनीज संगीतनाटकातले नट होते. बालपण हाँगकाँगमध्ये गेले आणि तिथे किशोरवयात त्यांनी इप मॅन या गुरूंकडे विंग चुन ही जवळच्या अंतरावरून लढण्याची चिनी युद्धकला शिकायला सुरुवात केली. इप मॅन यांचे ज्येष्ठ शिष्य वाँग शुन ल्युंग यांच्याकडूनही ते बरेच शिकले. १९५९ मध्ये ते अमेरिकेत परतले. सिॲटल येथे विद्यापीठीय शिक्षण घेत असतानाच त्यांनी शिकवणे सुरू केले आणि पुढे ओकलंडमध्ये जेम्स यिम ली यांच्याबरोबर दुसरी शाळा काढली. ऑगस्ट १९६४ मध्ये लाँग बीच येथील कराटे स्पर्धेत त्यांनी छातीपासून जेमतेम एक इंच अंतरावरून ठोसा मारून दाखवला, तेव्हा त्यांचे नाव अमेरिकेतल्या कराटेपटूंना ठाऊक झाले. इथवर ते विंग चुनचेच उपासक होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ओकलंडमध्ये वाँग जॅक मॅन या चिनी कुंग फूपटूशी बंद दाराआड त्यांची लढत झाली. तिच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत: ली यांच्या पत्नीच्या सांगण्यानुसार ती सुमारे तीन मिनिटांत संपली, तर वाँग यांच्या म्हणण्याप्रमाणे वीस-पंचवीस मिनिटे चालली. निकालाहून महत्त्वाचे आहे ते लढतीनंतरचे ली यांचे वागणे. आपल्याला इतका वेळ का लागला, दम का लागला आणि मागे सरणाऱ्या माणसाला विंग चुनच्या जवळच्या अंतरावरील हातांनी गाठता का येईना, हे प्रश्न त्यांनी स्वतःला विचारले. एखाद्याने ही गोष्ट विजय म्हणून मिरवली असती. ली यांनी तिच्यातून स्वतःच्या शिक्षणातली उणीव शोधली आणि व्यायामापासून पवित्र्यापर्यंत सगळे नव्याने तपासायला घेतले. जीत कुन दोचे मूळ या तपासणीत आहे. नाव मात्र १९६७ मध्ये मिळाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमध्ये त्यांची तिसरी शाळा सुरू झाली.

विंग चुनमधून त्यांनी मध्यरेषेचा सिद्धान्त (शरीराच्या मधल्या उभ्या रेषेचे रक्षण करणे आणि तिच्यावरच वार करणे), उभी मूठ, प्रतिस्पर्ध्याचा हात दाबून धरण्याच्या युक्त्या आणि अडवणे व मारणे एकाच हालचालीत साधण्याची दृष्टी ठेवली. खिळलेला पवित्रा सोडला. पाश्चात्त्य मुष्टियुद्धातून पायांची हालचाल, हुलकावणी आणि सलग ठोसे घेतले. मुष्टियोद्धे जॅक डेम्प्सी यांच्या ठोशाच्या तंत्राचा त्यांनी अभ्यास केला आणि मुहम्मद अली यांच्या लढतींच्या फिती ते पुन्हा पुन्हा पाहत. लाथांच्या बाबतीत उत्तर चीनच्या कुंग फूचा, तसेच तायक्वांदोचे शिक्षक जून री यांच्याशी झालेल्या देवाणघेवाणीचा उपयोग झाला. जमिनीवरच्या पकडी त्यांना ज्युदोपटू जीन लबेल यांच्या सहवासात उमगल्या. तरी या पद्धतीचा कणा फेन्सिंग, म्हणजे पाश्चात्त्य तलवारबाजी, या खेळातला आहे. समोरच्याने हल्ला सुरू केला की तो परतवत न बसता त्याच क्षणी आपले टोक पुढे घालणे, अंतराचे मोजमाप आणि हल्ल्याचे प्रकार यांची परिभाषा त्यांनी तिथून उचलली. ली यांच्या थोरल्या भावालाही फेन्सिंग अवगत होते.

याचा परिणाम पवित्र्यातच दिसतो. बहुतेक मुष्टियोद्धे कमकुवत हात पुढे ठेवून जोरकस हात मागे राखतात. जीत कुन दोमध्ये उजव्या हाताचा माणूस उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवतो, कारण लक्ष्याच्या सर्वांत जवळचे हत्यार सर्वांत कुशल असावे. मागची टाच उचललेली असते. सरळ ठोसा मारताना हात आधी निघतो, पाय त्याच्या मागून सरकतो, आणि पुढचे पाऊल जमिनीवर टेकण्याआधी मूठ लक्ष्यावर पोहोचलेली असते, त्यामुळे सगळ्या अंगाचे वजन ठोशात उतरते. मूठ मारण्यापूर्वी किंचितही मागे घेतली जात नाही, खांदा उचलला जात नाही. समोरच्याला सूचना मिळेल अशी एकही खूण राहू नये यासाठी हाच एक ठोसा हजारो वेळा घोटावा लागतो. पायांचे तत्त्वही हेच आहे: प्रतिस्पर्ध्याने पुढे येण्यासाठी पुढच्या पायावर भार टाकला की त्याच क्षणी नडगीवर किंवा गुडघ्यावर आडवी लाथ बसते. आपले सर्वांत लांब हत्यार आणि त्याचे सर्वांत जवळचे लक्ष्य यांची गाठ इथे घातलेली आहे.

पाठ केलेल्या हालचालींच्या सरावाला, म्हणजे कराटेतल्या ‘काता’सारख्या प्रकारांना, ली यांचा विरोध होता; अशा सरावाला ते कोरड्या जमिनीवर पोहायला शिकण्याची उपमा देत. म्हणून हातमोजे आणि छातीला संरक्षक साधने घालून पूर्ण ताकदीने लढण्याचा सराव त्यांच्याकडे होई. लॉस एंजेलिसच्या शाळेत त्यांनी एक छोटी थडग्याची शिळा ठेवली होती. पारंपरिक गुंत्यात कोंबला जाऊन विद्रूप झालेल्या, एकेकाळी प्रवाही असलेल्या माणसाच्या स्मरणार्थ, असा मजकूर तिच्यावर होता. सप्टेंबर १९७१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांनी हेच विचार लेखरूपाने मांडले. त्यांवर ताओ आणि झेन परंपरेइतकाच जे. कृष्णमूर्ती यांचाही ठसा आहे. सत्याकडे कोणत्याही ठरलेल्या पंथाने जाता येत नाही ही कृष्णमूर्तींची भूमिका ली यांनी लढण्याच्या कलेला लावली. १९७० मध्ये पाठीला गंभीर दुखापत होऊन ते अनेक महिने अंथरुणावर होते, त्या काळात त्यांचे वाचन आणि टिपणे या दिशेने वाढली. ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये ग्रंथरूपाने आली.

या विचारातच पद्धतीची सर्वांत मोठी अडचण दडलेली आहे. एका माणसाने स्वतःची उंची, वेग आणि स्वभाव पाहून जे ठेवले, ते दुसऱ्याला जसेच्या तसे देणे म्हणजे पुन्हा एक ठरीव पंथ उभा करणे होय. ली यांना हे उमगले होते. १९७० मध्ये त्यांनी आपल्या शाळा बंद केल्या, आणि शिकवण्याची अधिकृत मुभा आपले शिष्य टाकी किमुरा, जेम्स ली आणि डॅन इनोसांतो या तिघांनाच दिली. ली यांच्या निधनानंतर शिष्यांत दोन प्रवाह पडले. एक प्रवाह ली यांनी हयातीत जे शिकवले तेवढेच जपतो; १९९६ मध्ये काही थेट शिष्य आणि कुटुंबीय यांनी त्यासाठी एक गटही स्थापन केला होता. दुसरा प्रवाह इनोसांतो यांच्या मार्गाने जातो. त्यांनी काठी-सुऱ्यांची फिलिपिनो काली, थायलंडचे मुष्टियुद्ध मुआय थाई आणि इतर कला अभ्यासक्रमात आणल्या, कारण ली जगले असते तर तेही शोध घेतच राहिले असते, असे या बाजूचे म्हणणे आहे. पहिल्या प्रवाहाशिवाय मूळ तंत्राचा पुरावा उरला नसता हे खरे. तरी ली यांच्या स्वतःच्या कसोटीला दुसरा प्रवाह अधिक उतरतो.

मिश्र युद्धकला हा आजचा खेळ जीत कुन दोमधून थेट निघालेला नाही. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) स्पर्धेतून चालना मिळाली आणि त्यात ब्राझीलच्या जुजुत्सूचा वाटा मोठा होता. मात्र बोटे मोकळी ठेवणारे हातमोजे घालून ठोसे, लाथा आणि जमिनीवरची पकड यांचा एकाच लढतीत वापर ली यांनी १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’ या चित्रपटाच्या आरंभीच्या प्रसंगात, अभिनेते सामो हंग यांच्याशी लढताना, पडद्यावर दाखवला होता. प्रसंगाच्या शेवटी प्रतिस्पर्धी हाताच्या पकडीत सापडून जमिनीवर थाप मारत हार मानतो.