कन्व्हर्टरच्या खोक्यावरचा आकडा

कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलल्यापासून गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. मिशिगनमध्ये आमच्या शेजारच्या गृहस्थांकडे १९६९ ची शेव्हर्ले कॅमेरो आहे. ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नवा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो, त्यामुळे इंजिनाचा खरा जोर २,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे येतो. त्याखाली ते कसंबसं धडधडत राहतं आणि गिअर ‘डी’मध्ये टाकला की गुदमरून गप्प होतं. त्यांच्या मित्रांनी उपाय सुचवला होता : हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर. उपाय बरोबरच होता, पण ते खोक्यावर ३,५०० आरपीएमचा आकडा असलेला कन्व्हर्टर मागवायला निघाले होते. तो आकडा त्यांच्या गाडीसाठी चुकीचा का, ते समजून घेताना या यंत्राच्या मी पुन्हा एकदा प्रेमात पडलो.

इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडला की अॅक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी हळूच सरकते. ते सरकणं टॉर्क कन्व्हर्टरचं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पातेल्याएवढा एक बंद डबा असतो, आत तेल आणि पात्यांची तीन चाकं. पहिलं चाक, पंप, इंजिनाबरोबर फिरतं आणि तेल भिरकावतं. दुसरं, टर्बाइन, त्या तेलाच्या माऱ्याने फिरतं आणि गिअरबॉक्सला फिरवतं. खरी करामत तिसऱ्याची, स्टेटरची. टर्बाइनमधून परतणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि तसंच पंपावर आदळलं तर इंजिनालाच अडवेल. स्टेटर त्याला वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेला लावतो. त्यामुळे गाडी जागेवरून हलताना गिअरबॉक्सकडे इंजिनाच्या साधारण दुप्पट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जातो. टर्बाइनचा वेग पंपाच्या ८५-९० टक्क्यांवर पोचला की स्टेटर आपल्या एकाच दिशेला फिरू देणाऱ्या क्लचवर मोकळा फिरू लागतो आणि ही वाढ संपते.

ही कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांची. १९०५ चं पेटंट आहे, तेही जहाजांसाठी : वाफेची टर्बाइन भन्नाट वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, ही अडचण त्यांना सोडवायची होती. ब्यूक कंपनीने १९४८ मध्ये डायनाफ्लो गिअरबॉक्समधून ती अमेरिकी मोटारीत आणली.

आता स्टॉल. गाडी जागच्या जागी रोखून धरली आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन एका ठरावीक आरपीएमपर्यंत चढतं आणि तिथेच अडतं, कारण त्या वेगाला पंप फिरवायलाच त्याचा सगळा टॉर्क खर्ची पडतो. तो वेग म्हणजे स्टॉल स्पीड. ताक घुसळून पाहिलं असेल तर हे हाताला ठाऊक आहे : मोठी रवी लगेच जड लागते, छोटी रवी भराभर फिरवली तरच तेवढा जोर लागतो. पंपाला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या! म्हणून १२ इंचाच्या जागी तशाच घडणीचा १० इंचाचा कन्व्हर्टर बसवला, तर त्याच वेगाला लागणारा टॉर्क अडीच पटींनी कमी होतो आणि १,८०० चा स्टॉल २,८०० च्या पुढे जातो. म्हणूनच स्टॉल चढा असला की ‘डी’मध्ये टाकल्यावर इंजिनावर भार कमी येतो आणि ते गुदमरत नाही. पात्यांचा कोन बदलूनही स्टॉल हलवता येतो. १९६५ ते ६७ या काळात ब्यूकने तर स्टेटरची पाती चालू गाडीत कोन बदलतील अशी केली होती. एकाच डब्यात दोन स्टॉल. इतकी देखणी सोय पुढे टिकली नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

याच वर्गाच्या नियमामुळे खोक्यावरचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. ४०० न्यूटन-मीटर टॉर्कच्या इंजिनामागे २,५०० ला अडणारा कन्व्हर्टर ५५० च्या इंजिनामागे २,९०० पर्यंत जाईल. उलट अॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिनाकडून १०० न्यूटन-मीटरच मागितले, तर तोच १,२५० वर गाडी ओढायला लागेल. ‘२,५०० चा स्टॉल म्हणजे २,५०० होईपर्यंत गाडी हलणारच नाही’ हे सर्रास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. विकणाऱ्याने इंजिनाचा टॉर्क, कॅम, गाडीचं वजन, डिफरन्शिअलचं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचं) गुणोत्तर आणि टायरचा व्यास विचारला नाही, तर त्याच्याकडून कन्व्हर्टर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टायर २६ इंची, डिफरन्शिअल ३.०८, वरचा गिअर सरळ एकास एक. महामार्गावर ताशी ७० मैलांना, म्हणजे ११३ किलोमीटरला, इंजिन साधारण २,८०० वर फिरतं. रोज चालवायच्या गाडीत स्टॉल याच्या खाली हवा, नाहीतर पंप आणि टर्बाइन यांच्यातली घसर प्रवासभर चालू राहते आणि घसर म्हणजे उष्णता. नुसत्या आठ टक्के घसरीतही तेलाखाली हजारभर वॅटचा हीटर सतत पेटलेला असतो. पूर्ण स्टॉलचं गणित तर धडकी भरवणारं आहे. ३,५०० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर म्हणजे १४७ किलोवॅट, सत्तरएक गिझर एकदम चालू केल्यासारखे, आणि गाडी हलत नसल्यामुळे सगळी शक्ती तेलात. पाच लिटर तेल तीन सेकंदांत जवळपास ५० अंशांनी तापतं. धातूने थोडी उष्णता ओढून घेतली तरी जुनी सीलं कडक व्हायला आणि तेल करपायला असे चार-सहा प्रयोग पुरतात. म्हणून हाय-स्टॉल कन्व्हर्टरबरोबर वेगळा ऑइल कूलर हवाच. या खर्चात काटकसर करू नये.

गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा वरचा गिअर) आणि लॉक-अप क्लच असता तर हिशेब बदलला असता. लॉक-अप लागला की पंप आणि टर्बाइन यांत्रिकपणे जोडले जातात, घसर शून्य होते आणि जरा चढा स्टॉल महामार्गावर खपून जातो. या कॅमेरोत ती सोय नाही. शेवटी त्यांनी २,४०० चा घेतला : कॅमचा जोर सुरू होतो त्याच्या थोडा वर आणि महामार्गाच्या आरपीएमपेक्षा चारशेने खाली.

बसवताना मी हाताशी होतो. आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओतलं, मग तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून सावकाश फिरवत आत ढकलला. एकदा खट्, दुसऱ्यांदा खट्. टर्बाइनचे आणि स्टेटरचे खाचे जुळले, पण तेवढ्यावर थांबायचं नसतं. गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या खाचेत तिसऱ्यांदा बसला नाही आणि तसेच बोल्ट आवळले, तर गाडी सुरू होण्याआधीच तो ऑइल पंप फुटतो. पंधराएक मिनिटं हाताने फिरवत राहिलो तेव्हा तो तिसरा खट् आला. मग गिअरबॉक्स इंजिनाला लावला आणि कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या टोकाची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती तबकडी) यांच्यातली फट मोजली : चार मिलिमीटर. तीन ते पाचच्या मध्ये हवी असते. त्या रात्री गिअर ‘डी’मध्ये टाकला, तेव्हा इंजिन ९०० वर धडधडत राहिलं.