जान मायेन : हवेच्या तापमानाचा दीर्घकालीन कल

जान मायेन हे ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या समुद्रातील, ७१° उत्तर अक्षांशावरचे नॉर्वेचे ज्वालामुखी बेट. क्षेत्रफळ सुमारे ३७३ चौ. किमी. असून कायमची वस्ती नाही. बेट इतके लहान आहे, की तापमापक जमिनीवर असला तरी तो मुख्यतः समुद्रावरून आलेली हवाच मोजतो. त्यामुळे ऑगस्टची सरासरी ५° से.च्या आणि फेब्रुवारीची उणे ६° से.च्या आसपास राहत आली. या अक्षांशाच्या मानाने हा फरक थोडाच.

पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात (१८८२–८३) ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मोहिमेने येथे मुक्काम करून वर्षभर नोंदी घेतल्या. नॉर्वेचे हवामान केंद्र १९२१ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ते नॉर्वेच्याच लोकांनी उद्ध्वस्त केले आणि पुढच्या वर्षी वेध पुन्हा सुरू झाले. नंतर केंद्राची जागाही बदलली. २,२७७ मी. उंचीच्या बेरेनबेर्ग शिखराच्या आडोशाने वारा जागोजागी वेगळा लागत असल्याने जुने-नवे आकडे जुळवून घेतल्याखेरीज तुलना करता येत नाही.

तापमानाची रेषा सरळ चढत गेलेली नाही. १९२० व १९३०च्या दशकांत बेट बरेच उबदार होते. १९६०च्या दशकात पूर्व ग्रीनलंड प्रवाहाबरोबर ध्रुवीय बर्फ व कमी खारट पाणी मोठ्या प्रमाणात दक्षिणेकडे आले आणि तापमान घसरले. १९८०च्या दशकानंतर ते पुन्हा चढू लागले. म्हणूनच केवळ १९६०च्या दशकापासून मोजल्यास वाढ फार तीव्र दिसते, १९३०पासून मोजल्यास बरीच सौम्य. कल सांगताना आरंभवर्ष न सांगणे ही निव्वळ दिशाभूल ठरते.

वाढ मुख्यतः हिवाळ्यातली आहे. खुले समुद्रजल उणे १.८° से.च्या सुमारास गोठते. तोवर ते वरच्या थंड हवेला ऊब देत राहते. बर्फ पसरला की ही ऊब अडते आणि बर्फावरची गारठलेली हवा थेट बेटावर येते. पूर्वी हिवाळ्यात जान मायेनच्या उत्तरेस ‘ओडेन’ नावाचा समुद्रबर्फाचा पट्टा पूर्वेकडे दूरवर पसरत असे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो क्वचितच तयार होतो. उन्हाळ्यात मात्र धुके आणि गार पाणी पाऱ्याला फारसे वर जाऊ देत नाहीत.