बेडकांना सम नसते

घानाच्या राजधानीत, अक्रा शहरात, रात्री गटाराकाठी उभं राहिलं की बेडूक ऐकू येतात. खरखरीत पाठीचा, पाण्यापेक्षा जमिनीवर जास्त रमणारा हा प्राणी. शास्त्रीय पुस्तकांत त्याला भेक म्हणतात, बोलताना आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणून मोकळे होतो. या जातीचं जुनं शास्त्रीय नाव बुफो रेग्युलारिस, आता स्क्लेरोफ्रिस रेग्युलारिस. स्टीव्हन फेल्ड या अमेरिकन माणसाने गटारातला हा गोंगाट ध्वनिमुद्रित केला आणि नी ओतू आनान या अक्रातल्या तालवादकाला ऐकवला. दुसऱ्या कुणी खिडकी लावून घेतली असती. ओतूला त्यात ताल सापडले. मग कानाला हेडफोन लावून, आत बेडूक चालू ठेवून, तो निरनिराळी वाद्यं घेऊन त्यांच्याबरोबर वाजवायला बसला. त्यातून 2008 साली ‘बुफो व्हेरिएशन्स’ नावाचा अल्बम आला. काढणारी कंपनी फेल्डचीच, छोटीशी, ‘व्हॉक्सलॉक्स’ नावाची. अल्बमवर नावं दोघांची.

फेल्ड वादक आहे, ध्वनिमुद्रक आहे आणि रीतसर पदवी घेतलेला मानववंशशास्त्रज्ञही आहे. कॉलेजात त्याला शिकवायला कॉलिन टर्नबुल होते, काँगोच्या इटुरी जंगलातल्या म्बुटी लोकांत राहून आलेले. पुढे 1976 मध्ये फेल्ड पापुआ न्यू गिनीतल्या बोसावी भागात गेला. तिथल्या कालुली लोकांची गाणी अभ्यासायची, हा बेत. तो पक्ष्यांची यादी करत बसला होता. कोणता पक्षी कोणत्या गटातला, त्याला काय म्हणतात, वगैरे. बरोबरचा कालुली मित्र शेवटी वैतागून म्हणाला, अरे, तुझ्यासाठी हे पक्षी, माझ्यासाठी ते रानातले आवाज आहेत. मेलेली माणसं पक्षी होऊन बोलतात, असं कालुली मानतात. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत ताटकळलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

त्यांची एक गोष्ट अशी. भाऊ-बहीण ओढ्यात झिंगे धरायला जातात. भावाला एकही मिळत नाही. तो बहिणीकडे मागतो, ती देत नाही. शेवटी त्याला एक छोटासा झिंगा सापडतो. त्याचं लाल कवच तो नाकावर बसवतो आणि बघता बघता पक्षी होऊन रडत उडून जातो. हा पक्षी म्हणजे फळं खाणारं एक लहानसं कबूतर, कालुली भाषेत ‘मुनी’. त्याची हाक वरच्या स्वरावरून खाली घसरत येते. कालुलींचं रडणं आणि त्यांची गाणी याच उतरत्या स्वरांवर बांधलेली आहेत, असं फेल्डने दाखवून दिलं. ‘साउंड अँड सेंटिमेंट’ हे त्याचं पुस्तक 1982 साली आलं. आवाजातून जग ओळखण्याच्या या पद्धतीला त्याने पुढे ‘अकूस्टेमॉलॉजी’ असं जडजंबाळ नाव दिलं. नाव विसरलं तरी चालेल.

विसरू नये अशी गोष्ट दुसरीच आहे. कालुली एका सुरात, एका वेळी, एकसाथ गात नाहीत. एकाने सुरू केलं की दुसरा किंचित मागून त्याच्यावर चढतो, तोवर पहिला पुढे सरकलेला असतो. याला ते ‘दुलुगु गानालान’ म्हणतात. आवाज उचलून दुसऱ्या आवाजावर ठेवणं, असा साधारण अर्थ. रानातही तेच चालतं. दाट झाडीत दूरचं दिसत नाही, ऐकू मात्र येतं. एक पक्षी थांबायच्या आत दुसरा सुरू, त्याखाली किडे, त्याखाली ओढा.

आता पुन्हा गटारात उतरू. दहा नर ओरडताहेत आणि प्रत्येकाला मादीने आपल्याकडे यावं असं वाटतं. प्रत्येकाच्या मेंदूत ठरावीक वेळाने ‘ओरड’ म्हणणारं चेतापेशींचं एक घड्याळ असतं. शेजारी ओरडला की हे घड्याळ मागे फिरतं आणि मोजणी नव्याने सुरू होते. बऱ्याच बेडकांत आणि किड्यांत कोरस जमण्यामागे हीच यंत्रणा सापडली आहे. यात नेता नाही, इशारा नाही. तुझं झालं की माझं, एवढ्या एका नियमावर आळीपाळी आपोआप जमते. याच यंत्रणेत थोडा फरक पडला, तर सगळे एकत्रच ओरडायला लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? दोन हाका एकमेकींवर आल्या तर मादी बहुधा आधीच्या हाकेकडे वळते. मागून आलेला आवाज तिच्या कानात पुसट होतो. मायकल ग्रीनफील्ड आणि इगोर रॉइझेन यांनी 1993 मध्ये केटीडिड या रातकिड्यांच्या भाऊबंदांवर काम करून हेच मांडलं: एकसाथ गाणं हा किड्यांचा हेतू नसतो. मागे पडायचं नाही या धडपडीतून ते जमून जातं. म्हणजे आपल्याला समूहगान वाटतं, ती आत रांगेतली ढकलाढकली असते.

मग ओतूला त्यात काय ऐकू आलं? हातानेच करून बघा. टेबलावर उजव्या हाताने ठेका धरा. उजव्याचे दोन ठोके पडतात तेवढ्याच वेळात डाव्या हाताने सारख्या अंतराचे तीन ठोके द्यायचे. पहिला ठोका दोन्ही हातांचा एकत्र पडेल, मग ते भांडतील, मग पुन्हा एकत्र येतील. तबलजी याला आड म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी तालांचा पाया हीच तीन-दोनची ओढाताण आहे आणि ओतू त्यात मुरलेला वादक. दोन बेडूक वेगवेगळ्या अंतराने ओरडायला लागले की अशीच वीण तयार होते, फक्त तिला सम नसते. एका बेडकाला ठेका धरून ऐकलं तर दुसरा आड वाटतो. दुसऱ्याला धरलं की पहिला. ध्वनिमुद्रण तेच, ताल दोन. हा खेळ बेडकांचा नाही, आपल्या मेंदूचा आहे. ठोके मिळाले की त्यांत मात्रा पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बेडकांनी न दिलेली सम ओतूने स्वतः ठेवली आणि त्याभोवती वाजवलं.

इथे एक आठवण काढायलाच हवी, कारण त्याआधी अशाच कच्च्या मालाचं, म्हणजे मुद्रित केलेल्या आवाजांचं, उलटंही झालं होतं. ह्यूगो झेम्प या संशोधकाने 1970च्या सुमारास सॉलोमन बेटांवर अफुनाक्वा नावाच्या बाईचं अंगाईगीत मुद्रित केलं होतं. ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने 1992 साली तो आवाज सँपलरमध्ये घातला आणि खाली नाचाचा ठेका दिला. सँपलर आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेऊन त्याचे आकडे करतो. एकदा आकडे झाले की गाणं कापता येतं, फिरवता येतं, वर-खाली करता येतं. ते गाणं जगभर वाजलं, त्या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या. अफुनाक्वाचं नाव त्यावर नव्हतं. आवाज पॅसिफिकमधल्या बेटावरचा आणि अल्बमची सजावट मध्य आफ्रिकेच्या जंगलाची! फेल्डने 2000 साली या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला. मला यात यंत्राचा दोष दिसत नाही. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञाने त्यांना ध्वनिमुद्रणाची, संगणकाची जोड दिली. यंत्रं तिथेही होती. पण ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव राहिलं.

फेल्डचा 1991चा ‘व्हॉइसेस ऑफ द रेनफॉरेस्ट’ हा अल्बम म्हणजे बोसावीतला एक आख्खा दिवस एका तासात. निर्माता होता ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडचा ढोलकरी मिकी हार्ट. बोसावीत काम करताना फेल्डने एक साधी गोष्ट केली. रानातले टेप तिथल्याच माणसांना ऐकवले आणि कॅसेट रेकॉर्डरची बटणं त्यांच्या हाती दिली. कोणता आवाज वर यायला हवा, कोणता मागे, हे त्यांनी फिरवून दाखवायचं. अल्बमचे पैसे बोसावीच्या लोकांसाठी काढलेल्या निधीत गेले.

अक्रात तर तो स्वतःच वाजवायला बसला. नी नोई नॉर्टे हा तिथलाच एक वादक, त्याच्या आणि ओतूच्या बरोबर तो ‘अशिवा’ वाजवायचा. अशिवा म्हणजे मोठ्या पेटीवर लावलेल्या पट्ट्या, बोटांनी छेडून मंद्र आवाज काढायचा. त्याच शहरात त्याला ट्रक आणि ट्रोट्रो (तिथल्या वडापच्या गाड्या) चालवणाऱ्यांच्या संघटनेचं ‘पोर पोर’ पथकही भेटलं. यांची मुख्य वाद्यं म्हणजे जुन्या गाड्यांचे रबरी भोंगे. पूर्वी रात्री रानात टायर पंक्चर झाला, की हवा भरताना जनावरं जवळ येऊ नयेत म्हणून एक जण पंप मारायचा आणि बाकीचे भोंगे वाजवत, चाकाच्या रिमवर पाना आपटत उभे राहायचे. तेच पुढे चालक वारला की त्याच्या अंत्ययात्रेत वाजू लागलं. त्यांचं ध्वनिमुद्रण 2007 साली प्रसिद्ध झालं. प्रत्येक भोंग्याला जेमतेम एकच सूर असतो, म्हणून कुणी सलग वाजवत नाही. एकाने पों केलं की दुसरा त्याच्या मागोमाग पों करतो.